झोटेरो आठ महिने वापरून झाल्यावर (पीएचडीवाल्यांनी वाचा)

आधी चांगलं सांगतो. संदर्भ साठवून त्यांची यादी करून देणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि वर्डमधे संदर्भ टाकताना जो जीव जायचा तो आता जात नाही. गाईडनी आदल्या रात्री संदर्भ लिहायची स्टाईल बदलायला लावली तरी सगळी यादी मिनिटात बदलते, चार स्टार त्याचेच. ऑनलाइन जागा मात्र ३०० एमबीच, गॅझेटियरचे (इंग्रजांच्या काळातले जिल्ह्यांचे सरकारी माहितीग्रंथ) स्कॅन टाकले की भरली, म्हणून पीडीएफ सिंक बंद करून लॅपटॉपवरच ठेवल्यात.

आता दुखणं. माझा विषय १८२५ मधे जेम्स आउटराम या इंग्रज अधिकाऱ्यानी धरणगावला उभी केलेली भिल्ल पलटण, अमळनेरहून तासाभराचा पण रस्ता नाही, पण साहित्य म्हणजे १८८० चं खान्देश गॅझेटियर, जुनी दप्तरं, धुळ्याच्या राजवाडे मंडळातले (इतिहास संशोधन संस्था) मराठी लेख, हे काय वेबपानावरून नोंद आपोआप ओढणाऱ्या ब्राउझरच्या बटणावर येणारं नाही, बसा टाईप करत. गॅझेटियर एका साईटवरून ओढलं तर वर्ष आलं पुनर्मुद्रणाचं, आणि दोन महिने माझ्या प्रकरणात इंग्रज साहेब स्वातंत्र्यानंतर भिल्लांवर लिहीत बसलेला, मला पत्ताच नाही भो! मूळ वर्ष नोंदीतल्या 'एक्स्ट्रा' नावाच्या रकान्यात टाकता येतं, पण प्रत्येक स्टाईल ते छापतेच असं नाही, छापून बघा.

लायब्ररी वाढली तसं एक दिसायला लागलं, आपल्या ऐतिहासिक समाजशास्त्रात लोक जुनी पुस्तकंच धरून बसतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ थीडा स्कॉचपोल बाईंचं क्रांत्यांवरचं पुस्तक १९७९ चं, माझ्याकडच्या कितीतरी पेपरांच्या यादीत अजून तेच. आणि जर्नलचं वजन ज्यावर ठरवतात तो इम्पॅक्ट फॅक्टर मोजतो जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन (म्हणजे इतरांच्या लेखांतले उल्लेख) मिळाली ते. आमच्याकडे दुसऱ्याचा लेख वाचून, दप्तर उलटून, आपला लेख छापून येईस्तोवरच दोन वर्षं जातात! एच इंडेक्सचं (संशोधकाचे लेख आणि त्यांची सायटेशन मिळून काढलेला आकडा) पण तेच, दहा वर्षं खपून केलेलं पुस्तक एक नग, आठ पानी पेपर पण एक नग. तरी मुलाखतीत पहिला प्रश्न काय, तर "सायटेशन किती?" माझा बरा लेख मराठीत आहे, गूगल स्कॉलरला तो दिसतच नाही, काय सांगू त्यांना.

मराठी नावांसाठी लेखकाचा रकाना नाव-आडनाव वेगळं न करता एकच करून घ्या, नाहीतर राजवाडे यादीत दोन ठिकाणी दिसतात. मी हातानी भरलेल्या नोंदींना वेगळा टॅग लावलाय, काल मोजल्या, २१४ पैकी १३०.