रिअलटाइम ट्रेन्स : छापील वेळेमागची वेळ दाखवणारे संकेतस्थळ

ब्रिटनमध्ये रेल्वेने नियमित प्रवास करणाऱ्याला गाडीची चौकशी करण्यासाठी साधनांची वाण नाही. तिकीट विकणारी ॲप आहेत, नॅशनल रेलचे अधिकृत संकेतस्थळ आहे, गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांची आपापली ॲप आहेत. तरीही रेल्वेची थोडीफार जाण असलेला माणूस खात्री करून घेण्यासाठी ज्या संकेतस्थळाकडे वळतो, ते यांपैकी एकही नसून ‘रिअलटाइम ट्रेन्स’ हे आहे. टॉम केर्न्स यांनी ते २०१२ मध्ये सुरू केले. रूळ, सिग्नल आणि पूल ज्यांच्या ताब्यात आहेत त्या नेटवर्क रेलने आपल्या वेळापत्रकाचा आणि गाड्यांच्या हालचालींचा कच्चा डेटा त्याच वर्षी सर्वांसाठी खुला केला होता आणि त्या डेटावरच हे संकेतस्थळ उभे आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिन्ही भागांतील गाड्या त्यावर दिसतात, पाहण्यासाठी पैसे पडत नाहीत आणि नाव नोंदवावे लागत नाही.

माझे मत आधीच सांगतो. साध्या दृश्यातील हे संकेतस्थळ इतरांपेक्षा फार वेगळे नाही. गाडी किती वाजता सुटणार, कोणत्या फलाटावरून आणि किती मिनिटे उशिरा, एवढेच पाहायचे असेल तर अधिकृत ॲपही पुरेसे आहे. पण ‘तपशीलवार’ हे दृश्य निवडले की जे समोर येते, ते प्रवाशाला एरवी कोणीही दाखवत नाही. हे परीक्षण प्रामुख्याने त्या दृश्याचे आहे.

रेडिंगहून लंडन पॅडिंग्टनला जाणारी कोणतीही गाडी उघडावी. प्रत्येक स्थानकासमोर वेळांचे तीन गट दिसतात. पहिला गट प्रवाशांना जाहीर केलेल्या वेळांचा, दुसरा रेल्वेच्या अंतर्गत कामकाजी वेळापत्रकातील वेळांचा आणि तिसरा प्रत्यक्षात काय घडले त्याचा. कामकाजी वेळा अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात, त्यामुळे आकड्यापुढे ‘½’ असे चिन्ह वारंवार दिसते. आणि गाडी जेथे थांबत नाही अशा स्थानकांच्या व जंक्शनांच्या वेळाही त्यात असतात, कारण नियंत्रकाच्या दृष्टीने न थांबता जाणारी गाडीही त्या जागी वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे असते. समजा, प्रवाशांना पॅडिंग्टनची वेळ १०:३२ अशी सांगितली आहे, तर कामकाजी रकान्यात १०:२९½ असू शकते. हा अडीच मिनिटांचा फरक चुकून राहिलेला नसतो. गाडी थोडी रेंगाळली तरी जाहीर वेळ पाळली जावी, म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो.

याच दृश्यात उजवीकडे एक छोटा रकाना आहे, ज्याकडे नवख्याचे लक्ष सहसा जात नाही. रुळांच्या दुरुस्तीसाठी राखलेला वेळ चौकोनी कंसात, पुढे चाललेल्या गाडीमुळे रेंगाळावे लागेल म्हणून धरलेला वेळ साध्या कंसात आणि एकंदर वक्तशीरपणासाठी ठेवलेला वेळ टोकदार कंसात तेथे दिलेला असतो. गाडी मधल्या स्थानकावर चार मिनिटे मागे असूनही शेवटच्या स्थानकावर राइट टाइम कशी पोहोचते, याचे उत्तर या कंसांत मिळते. कल्याणला उशिरा असलेली गाडी सीएसएमटीला वेळेवर लागल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे गणित नवे नाही. फक्त आपल्याकडे ते अनुभवाने ओळखावे लागते आणि येथे ते कंसात लिहून ठेवलेले असते. ब्रिटनमध्ये वक्तशीरपणाच्या पूर्वीपासून चालत आलेल्या मोजमापात गाडी शेवटच्या स्थानकावर पोहोचली की तिचा हिशेब होई आणि लांब पल्ल्याच्या गाडीला दहा मिनिटांची, तर इतर गाड्यांना पाच मिनिटांची सूट मिळे, हे लक्षात घेतले म्हणजे हा सैल वेळ नेमका शेवटच्या टप्प्यात का साठतो तेही कळते.

आता ही माहिती येते कोठून, याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या सेवेची ताकद आणि मर्यादा दोन्ही तेथेच आहेत. पहिला स्रोत अर्थातच वेळापत्रक. वर्षातून दोनदा, मे आणि डिसेंबरमध्ये, नवे वेळापत्रक लागू होते. परंतु ते छापल्यावर कायम राहत नाही. रविवारी रुळांचे काम निघते, गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली जाते, एखादी जादा गाडी सोडली जाते, आणि अशा प्रत्येक बदलाची नोंद मूळ वेळापत्रकावर एक नवा थर म्हणून चढते. कायमच्या नोंदीला ‘पी’, तिच्यावर चढवलेल्या बदलाला ‘ओ’, नव्याने घातलेल्या गाडीला ‘एन’ आणि रद्द केलेल्या गाडीला ‘सी’ असे अक्षर असते. एकाच दिवसासाठी एकाहून अधिक नोंदी आढळल्या तर इंग्रजी वर्णमालेत आधी येणारे अक्षर ग्राह्य धरायचे, एवढाच नियम आहे. आयत्या वेळी, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत ठरलेल्या गाड्यांचा प्रवाह आणखी वेगळा येतो. हे सगळे थर एकत्र करून त्या दिवशी खरोखर कोणती गाडी धावणार आहे ते ठरवणे हे किचकट काम आहे, आणि रिअलटाइम ट्रेन्स ते इतक्या सफाईने करते की वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा स्रोत प्रत्यक्ष हालचालींचा. गाडी ठरावीक ठिकाणी पोहोचली, तेथून सुटली किंवा न थांबता पुढे गेली की ‘ट्रस्ट’ नावाच्या यंत्रणेत नोंद होते. ही यंत्रणा पूर्वीच्या सरकारी रेल्वेच्या, म्हणजे ब्रिटिश रेलच्या काळातली आहे आणि तिचे मूळ त्याहून जुन्या ‘टॉप्स’ या संगणक प्रणालीत आहे, जी ब्रिटिश रेलने अमेरिकेतील सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीकडून घेतली होती. याहून बारीक माहिती सिग्नल यंत्रणेतून येते. सिग्नलमनच्या पडद्यावर प्रत्येक सिग्नलामागे एक चौकट असते, तिच्यात गाडीचा चार अक्षरांचा सांकेतिक क्रमांक दिसतो आणि गाडी पुढे सरकली की तो क्रमांक पुढच्या चौकटीत जातो. चौकटीतून चौकटीत होणारी ही सरकासरकही खुल्या डेटाचा भाग आहे. गाडी कोणत्या फलाटाकडे वळते आहे, ती स्थानकात शिरते आहे की बाहेर सिग्नलला उभी आहे, हे संकेतस्थळाला कळते ते यामुळे. फलाट केवळ वेळापत्रकातून घेतलेला आहे की प्रत्यक्षात पक्का झालेला आहे, हा भेदही ते वेगळ्या ठशात दाखवते. रेडिंगसारख्या मोठ्या स्थानकात जिन्यावर उभे राहून कोणत्या फलाटावर उतरायचे ते ठरवताना हा भेद मोलाचा ठरतो.

म्हणजेच येथे उपग्रहावरून घेतलेला गाडीचा ठिपका नकाशावर धावत नाही. गाडी शेवटी कोठे नोंदली गेली आणि त्यावरून पुढे ती केव्हा पोहोचेल असा अंदाज आहे, एवढेच कळते. भारतातील ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे लोकप्रिय ॲप डब्यात बसलेल्या प्रवाशाच्या फोनला मिळणाऱ्या मोबाइल मनोऱ्यांवरून गाडीचा ठावठिकाणा काढू शकते. ती पद्धत मुळातच वेगळी. तेथे माहिती प्रवाशाच्या खिशातून येते, येथे ती रुळांतून आणि सिग्नलांतून येते. त्यामुळे गाडीत एकही प्रवासी नसला तरी येथे ती दिसते, आणि या संकेतस्थळाचा सर्वांत रंजक भाग त्यामुळेच शक्य झाला आहे.

हा भाग म्हणजे मालगाड्या आणि रिकामे रेक, म्हणजे प्रवाशांविना नेल्या जाणाऱ्या गाड्या. साध्या शोधात फक्त प्रवासी गाड्या येतात, तपशीलवार शोधात मात्र त्या स्थानकातून जाणारे सर्व काही येते. गाडीच्या सांकेतिक क्रमांकातील पहिला अंक तिचा प्रकार सांगतो : १ म्हणजे जलद प्रवासी गाडी, २ म्हणजे साधी प्रवासी गाडी, ५ म्हणजे रिकामा रेक, ४ म्हणजे ताशी ७५ मैलांपर्यंत धावणारी मालगाडी, ६ म्हणजे ६० मैलांपर्यंतची, आणि ० म्हणजे नुसते इंजिन. दुसऱ्या जागी इंग्रजी अक्षर असते आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाबतीत ते गंतव्य प्रदेश सुचवते. साउदॅम्प्टन बंदरातून कंटेनर घेऊन मिडलंड्सकडे निघालेली गाडी ‘४एम’ने सुरू होते आणि परतीची ‘४ओ’ने, लंडनच्या यूस्टनहून रात्री स्कॉटिश हायलंड्सकडे निघणारी शयनयान गाडी ‘१एस२५’ असते. डिडकॉटच्या फलाटावर उभे राहून समोरून धडधडत गेलेली कंटेनरगाडी कोणती, ती कोठून निघाली आणि किती मिनिटे आधी धावते आहे, हे फोनवर लगेच पाहता येते. मालगाडी पाऊण तास आधी धावते आहे असे दिसले तर दचकू नये; मार्ग मोकळा असला की मालगाड्या अशाच पुढे काढून दिल्या जातात. उलट काही मालगाड्यांपुढे ‘गरज असल्यास’ अशी खूण असते आणि त्या बऱ्याचदा धावतच नाहीत, त्यामुळे छायाचित्रासाठी थंडीत ताटकळणाऱ्याने ती खूण आधी पाहावी. पानगळीच्या दिवसांत ‘३’ने सुरू होणाऱ्या काही गाड्याही यादीत दिसू लागतात, रुळांवर चिकटलेला पानांचा निसरडा थर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढणे हे त्यांचे काम.

भारतात गाडीचा पाच आकडी क्रमांक प्रवाशाला तोंडपाठ असतो. डेक्कन क्वीनचा १२१२३ हा क्रमांक तिकिटावर, फलकावर आणि डब्यावर सगळीकडे दिसतो. ब्रिटनमध्ये हा सांकेतिक क्रमांक प्रवाशाला सांगण्याची पद्धतच नाही, येथे ‘साडेदहाची गाडी’ असेच म्हणतात. हे संकेतस्थळ वापरू लागले की तो क्रमांक हळूहळू परिचयाचा होतो.

उणिवांकडे वळायचे तर पहिली उणीव भाषेची आहे. तपशीलवार दृश्य संक्षिप्त खुणांनी भरलेले आहे आणि त्या जागच्या जागी पुरेशा उलगडून सांगितलेल्या नाहीत. स्थानकाचे तीन अक्षरी संकेत, जसे रेडिंगचे ‘आरडीजी’ आणि पॅडिंग्टनचे ‘पीएडी’, तिकिटे काढताना परिचयाचे होतात. पण वेळापत्रकात स्थानांसाठी वापरले जाणारे लांब संकेत आणि मार्गांची आद्याक्षरे यांचा अर्थ नव्या माणसाने कोठून शोधायचा? दुसरी उणीव नोंदींच्या विरळपणाची, जिचा दोष खरे तर संकेतस्थळाकडे जात नाही. सेटल ते कार्लाइल या देखण्या डोंगरी मार्गावर ब्ली मूरसारख्या ठिकाणी अजून तरफा ओढणाऱ्या जुन्या सिग्नल केबिनी काम करतात, आणि अशा मार्गावर दोन नोंदींमधले अंतर वाढते; त्या अवधीत पडद्यावर दिसणारा उशीर म्हणजे जुन्या नोंदीवर आधारलेला अंदाज असतो. तिसरी गोष्ट, स्थानकावरचे फलक ‘डार्विन’ नावाच्या अधिकृत यंत्रणेकडून माहिती घेतात, त्यामुळे गाड्यांचा बोजवारा उडालेल्या दिवशी फलक एक सांगतो आणि संकेतस्थळ दुसरे. गाडी सोडायची की रद्द करायची हा निर्णय व्हायचा असतो तेव्हा खुल्या डेटात तो दिसणारच नाही, म्हणून अशा वेळी फलकाकडे आणि फलाटावरच्या कर्मचाऱ्याकडे लक्ष ठेवावे, फोनकडे नव्हे. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी तर हे साधनच नाही.

उशिराची भरपाई मागताना मात्र ते खरोखर उपयोगी पडते. येथील बहुतेक कंपन्यांच्या योजनेत १५ ते २९ मिनिटे उशीर झाल्यास एकेरी भाड्याच्या २५ टक्के, ३० ते ५९ मिनिटांना ५० टक्के आणि तासाभरापुढे पूर्ण एकेरी भाडे परत मिळते, अर्ज २८ दिवसांच्या आत करायचा असतो. म्हणजे २९ आणि ३० मिनिटांमधल्या त्या एका मिनिटाला पैशाची किंमत आहे. माझा एक अर्ज ‘उशीर मर्यादेपेक्षा कमी’ असे म्हणून परत आला होता. त्या तारखेचे पान उघडून शेवटच्या स्थानकावरची जाहीर वेळ आणि प्रत्यक्ष आगमनाची वेळ लिहून पुन्हा पाठवल्यावर वाद न घालता रक्कम मिळाली. येथे एक सावधगिरी हवी : तपशीलवार दृश्यातील उशीर कामकाजी वेळेशी तुलना करून मोजलेला असू शकतो आणि भरपाई जाहीर वेळेवरून ठरते, म्हणून आकडा पहिल्या रकान्यावरूनच काढावा. जुनी पाने अनिश्चित काळ उघडत राहतील असे गृहीत न धरता त्याच दिवशी पडदाचित्र (स्क्रीनशॉट) घेऊन ठेवावे.

याच खुल्या डेटावर उभी राहिलेली इतर संकेतस्थळेही आहेत. ‘ओपनट्रेनटाइम्स’ आणि ‘ट्रॅक्सी’ ही दोन्ही सिग्नलमनच्या पडद्यासारखे रुळांचे आराखडे दाखवतात आणि त्यावर गाड्यांचे क्रमांक सरकताना पाहता येतात. जंक्शनबाहेर गाडी का अडकली हे समजून घ्यायचे असेल तर तेथे जाणे अधिक चांगले, पण गाडी केव्हा येईल हे विचारायचे असेल तर ती अवघड वाटतात. ज्यांना स्वतः काही बांधायचे आहे त्यांच्यासाठी रिअलटाइम ट्रेन्सने आपली माहिती प्रोग्रामद्वारे घेण्याची सोयही ठेवली आहे. नेटवर्क रेलचा कच्चा प्रवाह थेट घेऊन थरांचा तो सगळा हिशेब स्वतः मांडण्याची हौस असल्याखेरीज त्या सोयीपासूनच सुरुवात केलेली बरी. प्रवासासाठी ब्रिटनला येणाऱ्यांनी तिकीट अधिकृत ठिकाणीच काढावे, कारण या संकेतस्थळावर तिकिटे मिळत नाहीत. गाडी बदलायला सहा-सात मिनिटेच असतील तर मात्र आदल्या काही दिवसांची त्याच गाडीची पाने उघडून ती जोडगाडी खरोखर गाठता येते का ते पाहून मगच तिकीट घ्यावे.