आयपीएल कापू की तालुक्याची कबड्डी?

वर्तमानपत्राच्या बीड डेस्कवरचा मित्र विचारतोय, खेळाच्या पानाची जागा अर्ध्यावर आलीय, आयपीएलचा स्कोअरकार्ड कापू की तालुक्याच्या कबड्डी-कुस्तीच्या बातम्या?

अरे, ताजेपणा बघ आधी. मॅच साडेसातला सुरू, संपायला अकरा-साडेअकरा, तोवर ग्रामीण आवृत्ती छापायला गेलेली, म्हणजे सकाळी अर्धवट स्कोअर, तोही लोकांनी रात्रीच मोबाईलवर पूर्ण पाहिलेला.

मेहनत? आयपीएलची बातमी वृत्तसंस्थेकडून आयती येते, कबड्डीला मात्र वार्ताहराला फोनवर फोन, त्यात नाव चुकलं की पोराचा बाप ऑफिसात हजर. पण कात्रण त्याच बातमीचं निघतं बरं का, शाळेच्या फळ्यावर लागतं.

आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीच्या धावपटू अविनाश साबळेची २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची फायनल सगळ्यांनीच छापली, गावातल्या पोराची सेमीफायनल कोण छापणार?

शहर आवृत्ती उशिरा छापते, तिथं आयपीएल ठेव चार ओळींत. तालुक्याच्या पानाला कबड्डीच.