‘बंदीआधीचा शेवटचा लॉट’ म्हणून आमच्या माथी मारलेले एसी

१ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशात आर-२२ गॅसवर चालणारे नवे एसी बनवायला बंदी आहे. हा गॅस ओझोनच्या थराला इजा करतो. मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्यानं बंद होतोय आणि तो व्हायलाच हवा, त्यामुळे नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण याच एका तारखेच्या आधारानं नागपुरात आम्हाला दोनदा लुबाडलं, आणि दुसऱ्या वेळी तर घरात आग लागण्याची वेळ आली होती. उन्हाळा तोंडावर आला की हा धंदा पुन्हा जोर धरतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. बाबांची बायपास झाली होती, आणि कूलरची दमट हवा त्यांना सोसत नव्हती. दोन खोल्यांसाठी दीड टनाचे दोन स्प्लिट एसी हवे होते. नव्या थ्री स्टार इन्व्हर्टरचा भाव तेव्हा सगळीकडे पस्तीस हजारांच्या पुढे सांगत होते. एका दुकानदारानं मात्र फिटिंगसकट चोवीस हजार सांगितले. "भाऊ, कायदा बदलला ना, म्हणून कंपनीनं डिसेंबरच्या आत बनवलेला शेवटचा लॉट काढून टाकला. बॉक्सपॅक आहे. इन्व्हर्टरचं कार्ड जळलं तर खर्चाचं पाहा तुम्ही. हे साधं, दणकट मशीन, कोणताही मिस्त्री दुरुस्त करून देतो." यातलं शेवटचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, आणि त्याच्याच आडून बाकीचं खोटं खपतं. आउटडोरवर उत्पादनाची तारीख नोव्हेंबर २०२४ होती, खोक्याला पट्ट्याही होत्या. पक्क्या बिलाचं विचारलं तर "जीएसटीचं पोर्टल बंद आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो" असं उत्तर मिळालं. ते बिल आजपर्यंत आलेलं नाही.

पुढे जे कळलं ते असं. मोठ्या कंपन्यांनी घरगुती एसीत आर-२२ वापरणं या तारखेच्या कितीतरी आधीच सोडलं होतं. त्या आर-३२, आर-४१०ए अशा गॅसांवर गेल्या होत्या. म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात बनलेला नामांकित कंपनीचा आर-२२ चा घरगुती स्प्लिट ही गोष्टच मुळात संशयास्पद. बाहेरून आणलेला माल असंही कुणी सांगेल, तर गॅस भरलेले एसी आयात करायला ऑक्टोबर २०२० पासूनच बंदी आहे. मग हे मशीन आलं कुठून? हॉटेलं, ऑफिसं नव्यानं सजवताना जुने एसी भंगारात निघतात. त्यांची कॉइल ॲसिडनं धुतात, आउटडोरला नवा रंग मारतात, इनडोअरचं पिवळं पडलेलं प्लास्टिक बदलतात आणि छापून आणलेलं स्टिकर मशीनची माहिती असलेल्या मूळ प्लेटवर चिकटवतात.

आमच्या मशीनवरचं स्टिकर कोपऱ्यातून सुटलं तेव्हा खालची प्लेट दिसली. साल २०१३. खोटं पकडायला तेवढंही लागलं नसतं, कारण पुरावा इनडोअरवरच होता. स्टार लेबलवर कार्यक्षमतेचा आकडा ‘ईईआर’ म्हणून छापलेला होता. २०१८ पासून सगळ्या घरगुती एसींच्या लेबलवर त्या जागी ‘आयएसईईआर’ असतं. नोव्हेंबर २०२४ चं मशीन आणि लेबल त्याच्या कितीतरी आधीच्या पद्धतीचं, हे जुळतच नाही. स्टार लेबलवर ते कोणत्या काळासाठी आहे हेही छापलेलं असतं. दुकानात उभं राहून वाचता येतं ते, आणि दुकानदाराला ते खरवडून काढायचं भान नसतं.

फिटिंगवाल्यांनी व्हॅक्यूम पंप आणलाच नाही. आउटडोरमधला गॅस थोडा सोडून पाइपातली हवा बाहेर ढकलली, नट आवळले आणि गेले. ओझोनसाठी एवढे करार होत असताना हा प्रकार अजून राजरोस चालतो, याची मला मनापासून चीड येते.

मे महिन्यातच बाबांच्या खोलीतला एसी नुसती हवा फेकायला लागला. दुकानदारानं ‘कंपनीचा माणूस’ म्हणून एकाला पाठवलं, आणि तीच तारीख दुसऱ्यांदा कामी आली. "आर-२२ वर सरकारनं बंदी घातली काकाजी, आता ब्लॅकनंच मिळतो. साडेसात हजार लागतील." हे साफ खोटं आहे. बंदी आहे ती नवं मशीन बनवण्यावर. जुन्या मशीनमध्ये दुरुस्तीसाठी आर-२२ भरायला मनाई नाही. २०२५ पासून या जातीच्या गॅसांचा एकूण वापर २००९-१० च्या सरासरीपेक्षा ६७.५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे, २०३० पर्यंत ९७.५ टक्क्यांनी, आणि उरलेला थोडासा दुरुस्तीपुरता २०४० पर्यंत चालू राहणार आहे. त्यामुळे भाव चढणार हे उघड आहे, पण ब्लॅकचा बाऊ करून तिप्पट पैसे उकळायला त्यात काही आधार नाही.

त्यानं भरलेला गॅस आर-२२ नव्हताच. सिलिंडरवर नाव नव्हतं, वजनकाटा त्यानं आणलाच नव्हता. खोली मस्त गार झाली आणि आम्ही निश्चिंत झालो. जूनमध्ये पुन्हा गळती झाली तेव्हा ओळखीतून दुसऱ्या एका मिस्त्रीला बोलावलं. कॉइलला वेल्डिंग करावं लागणार होतं. त्यानं आधी गॅसचा दाब मोजणारा मीटर लावला, काटा आर-२२ ला शोभेल असाच होता. तरी वेल्डिंगची टॉर्च पेटवण्याआधी सवयीनं त्यानं गॅस डिटेक्टर फिरवला आणि तो वाजायला लागला. "भाऊ, यात आर-२२ नाही वाटून राहिलं मला. हा जळणारा गॅस आहे. पेटवलं असतं तर आज आपण दोघंही गेलो असतो." बाबा तेव्हा शेजारच्याच खोलीत झोपलेले होते.

आत प्रोपेनच्या जातीचा गॅस होता. आर-२२ आणि प्रोपेन यांचा दाब जवळजवळ सारखाच असतो, म्हणून मीटरवर फरक कळत नाही. वजनानं तो निम्म्याच्या आसपास पुरतो, म्हणून भरणाऱ्याला परवडतो. गारवाही चांगला देतो. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, हा मुळात वाईट गॅस नाही. त्याच्यासाठीच बनवलेले एसी बाजारात आहेत. त्यांत गॅसचं प्रमाण मोजून ठरवलेलं असतं, ठिणगी पडणार नाही अशी जोडणी असते आणि अंगावर ज्वाळेची खूण असते. आमच्या मशीनमध्ये यातलं काहीच नव्हतं. प्लेटवर आर-२२, म्हणजे न पेटणारा गॅस. ती वाचून पुढचा मिस्त्री बिनधास्त टॉर्च घेऊन बसणार. मरण त्याचं आहे, आणि साडेसात हजार घेणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

नकली गॅस किती टोकाला जातो तेही सांगतो. २०११ मध्ये व्हिएतनामला सर्व्हिसिंग झालेल्या काही रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार मेले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं. ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन हवा लागताच पेट घेणारं रसायन तयार होतं. आपल्या एसीत ॲल्युमिनियमचे भाग असतातच.

दुकानदार आता फोन उचलत नाही. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, स्टिकरचा आणि खालच्या प्लेटचा फोटो असं सगळं जोडलं आहे. दुसऱ्या मिस्त्रीनं सही करून लेखी दिलं. तेवढ्यासाठी आपला अर्धा दिवस घालवणारा माणूस भेटला, याचं मोल मी पैशांत करू शकत नाही.

‘शेवटचा लॉट’ म्हणून आर-२२ चा एसी कुणी घेतला असेल, तर स्टिकर उचलून खालची प्लेट आजच बघा आणि तिचा फोटो काढून ठेवा. मध्यंतरी अनोळखी माणसानं गॅस भरला असेल, तर आत काय आहे हे डिटेक्टरनं तपासल्याशिवाय कुणालाही टॉर्च पेटवू देऊ नका. तपासल्यावर ज्वलनशील निघाला तर तो घरात सोडू देऊ नका. आमच्या मिस्त्रीनं खिडक्या सताड उघडायला लावल्या, मेन स्विच बंद केला, लांब नळी लावून गॅस गच्चीवर मोकळ्या हवेत हळूहळू सोडला, आणि तोवर बाबांना शेजाऱ्यांकडे बसवलं होतं.