घरगुती डीएनए चाचणी: डबा झकास, संमतीपत्र काठावर पास

आधी चांगलं ते सांगते. घरीच लाळ भरून लॅबला पाठवायचा हा डीएनए चाचणीचा डबा झकास आहे. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यामुळे नमुना घेण्याच्या बाबतीत मी सहजासहजी कुणाला पास करत नाही. पण ह्या लोकांनी डोकं लावलंय. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीत रेघेपर्यंत लाळ भरायची, आणि वरचा फेस धरायचा नाही, हे चित्र काढून दाखवलंय. (फेसालाच नमुना समजणारे पेशंट मी खूप पाहिलेत.) झाकण दाबलं की त्यातलं द्रावण आपोआप खाली उतरतं, म्हणजे प्रवासात डीएनए खराब होत नाही. नळीवर नाव नाही, फक्त बारकोड. पाचपैकी पाच.

डबा भाचीने भेट दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या तक्रारी थोड्याफार फरकाने ह्या सगळ्याच धंद्याच्या आहेत.

बारकोड नोंदवायला गेलं की संमत्यांची रांग लागते. चाचणीची वेगळी, संशोधनाला माहिती द्यायची वेगळी, उरलेली लाळ साठवायची वेगळी, डीएनए जुळणारी माणसं दाखवणाऱ्या ‘नातेवाईक शोधा’ची वेगळी. वेगळ्या ठेवल्या हे बरोबरच केलं. पण ‘मान्य आहे’ ठसठशीत हिरव्या बटणात आणि ‘नको’ मात्र खाली बारीक राखाडी अक्षरांत! आम्ही एचआयव्हीच्या चाचणीआधी माणसाला समोर बसवून बोलायचो, काय निघू शकतं आणि निघालं तर पुढे काय, ते सांगायचो. इथे आनुवंशिक कर्करोगाचा अहवाल उघडायला एक क्लिक पुरतो.

वंशाचा नकाशा गंमत म्हणून ठीक. टक्केवारी दशांशापर्यंत देतात, पण ती कंपनीकडच्या संदर्भ-नमुन्यांशी ताडून काढलेला अंदाज असते. संदर्भगट वाढला की आकडे बदलतात. माझे बदलले, पूर्वज आहेत तिथेच आहेत.

आरोग्याच्या अहवालाबद्दल मात्र हात जोडून सांगते, ‘आढळले नाही’ वाचून निर्धास्त होऊ नका. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरं, आणि असल्या चाचण्या साधारण सहा-सात लाख ठरावीक जागा बघतात. ट्वेंटीथ्री-अँड-मी ह्या कंपनीला 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बीआरसीए ह्या (स्तनांच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या) जनुकांच्या घरगुती चाचणीला परवानगी दिली, ती फक्त 3 बदलांपुरती. धोकादायक ठरलेले ज्ञात बदल हजाराच्या वर आहेत. उलट बाजूही आहे. कच्च्या माहितीची फाइल उतरवून घेता येते: आरएसने सुरू होणारा क्रमांक, गुणसूत्र, जागा आणि शेवटी दोन अक्षरं, अशा लाखो ओळी. ती फाइल तिसऱ्याच साइटवर टाकून लोक स्वतःला आजारी ठरवतात. 2018 च्याच एका अभ्यासात अशा फाइलींतून पुढे आलेले 40 टक्के बदल वैद्यकीय लॅबमध्ये तपासल्यावर खोटे निघाले होते.

आता ‘नातेवाईक शोधा’. ते चालू करायच्या आधी मी दादाला फोन केला.

“तुझी लाळ, मला कशाला विचारतेस?”

म्हटलं, दादा, सख्ख्या भावंडांचा सरासरी निम्मा डीएनए सारखा असतो.

“मग घे निम्मी संमती,” म्हणून हसला आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने स्वतःच परत केला. “काय गं, माझ्या पोरांच्या विम्याचं काय?”

प्रश्न रास्त होता. अमेरिकेत 2008 च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय भेदभावाला बंदी आहे, पण आयुर्विमा त्या कायद्यात येतच नाही. देशागणिक नियम निराळे. कंपनीच्या फॉर्मवर मात्र सही एकट्या माझीच, दादाच्या पोरांना कुणी विचारतच नाही.

जोसेफ डिअँजेलो हा कॅलिफोर्नियातला जुना खुनी 2018 मध्ये असाच सापडला. त्याने स्वतः कुठे लाळ पाठवली नव्हती. वंशावळीची हौस असलेल्या दूरच्या नातेवाइकांची डीएनए-माहिती जीईडीमॅचसारख्या, फाइल टाकून नातेवाईक शोधायच्या साइटवर होती, तिच्यावरून माग निघाला. तो पकडला गेला हे उत्तमच झालं. पण त्या नातेवाइकांनी पणजोबा शोधायला माहिती टाकली होती, पोलिसांसाठी नाही. साइटने पोलिसी शोधासाठी वेगळी परवानगी मागायला सुरुवात केली ती 2019 मध्ये.

चोरीचंही तेच. 2023 मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मीची साधारण 14,000 खाती दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून उघडली गेली, आणि नातेवाईक शोधायच्या सोयीतून सुमारे 69 लाख लोकांची माहिती बाहेर पडली. म्हणजे तुमचा पासवर्ड कितीही भक्कम असो, चुलतभावाने सगळीकडे एकच ठेवला असेल तर झालं! पासवर्ड निदान बदलता येतो. जनुकं कुठून बदलणार?

हीच कंपनी मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा दीडेक कोटी ग्राहकांची माहिती विकाऊ मालमत्तेत धरली गेली. शेवटी संस्थापकांपैकीच एकीच्या ना-नफा संस्थेने ती घेतली. ते वाचून मी माझ्या कंपनीला विचारलं, उद्या तुम्ही विकले गेलात तर मला पुन्हा विचाराल का? उत्तर आलं, ‘कृपया आमचे गोपनीयता धोरण पाहावे.’ पाहिलं. धोरणात लिहिलंय, विक्री झाल्यास माहिती नव्या मालकाकडे जाऊ शकते.

मग खातं बंद करायला घेतलं. लाळेचा नमुना नष्ट करण्याची विनंती वेगळी करावी लागते, ती आधी केली. पुष्टीचा ईमेल आला. खातंही बंद झालं. पण जी संशोधनं आधीच झाली त्यांतून माहिती काढता येत नाही, आणि लॅबला काही नोंदी नियमाने ठेवाव्याच लागतात. ह्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही, आम्हीही नोंदी ठेवायचो. तक्रार एवढीच की हे डब्यावर नाही, नोंदणीच्या पानावर नाही, थेट खातं बंद करण्याच्या शेवटच्या पानावर आहे. संमतीसाठी पाचपैकी दीड, तेही संमत्या वेगवेगळ्या ठेवल्या म्हणून.

घ्यावा का? नकाशाच्या हौसेपोटी असेल तर नको. घराण्यात कर्करोग असेल तर आधी डॉक्टर आणि जनुकीय समुपदेशक, हा डबा नव्हे. पण दत्तक गेलेलं किंवा दात्याच्या वीर्यातून जन्मलेलं माणूस आपलं कुणी शोधत असेल, तर त्याला ‘घेऊ नकोस’ म्हणायची माझी छाती नाही. कागदपत्रं बंद असली की अनेकदा हीच एक वाट उरते. अशांनी संशोधन आणि लाळसाठवण दोन्हीला ‘नको’ म्हणावं, दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक कोड) लावावी, नातेवाइकांच्या यादीत पूर्ण नाव न देता आद्याक्षरं द्यावीत. समोर जो सापडेल त्याला कदाचित कुणी सापडायचंच नसेल, म्हणून पहिला निरोप दोन ओळींचा ठेवावा आणि उत्तराची वाट बघावी.