वेट पॅलेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टेबलावरच्या खेळांतल्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनिएचर, रंगवताना वापरायची वेट पॅलेट ही खालच्या ओल्या स्पंजमुळे रंग ओला ठेवणारी पाटी. तिच्यामुळे रंग वाया जात नाही, हे सगळेच सांगतात. ते खरंही आहे, पण आठ महिन्यांनंतर तो फायदा दुय्यम वाटतो. खरा फायदा असा की मिसळून तयार केलेली मधली छटा दुसऱ्या दिवशीही हाताशी असते. कोरड्या पॅलेटवर अ‍ॅक्रिलिकचा लहान थेंब काही मिनिटांत साय धरतो. मग झग्याच्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी तोच लाल पुन्हा जुळवत बसावं लागतं, आणि तो तंतोतंत जुळत नाही. एकाच तुकडीतल्या दहा मिनिएचर रंगवताना हा फरक टेबलावर लगेच दिसतो.

रचना साधी आहे: घट्ट झाकणाचा डबा, पातळ स्पंज आणि त्यावर कागद. यात कागद सगळ्यात महत्त्वाचा. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंगचा पार्चमेंट कागद उत्तम चालतो. मेणकागद अजिबात चालत नाही, कारण मेणातून पाणी वर येत नाही आणि रंग कोरड्या पॅलेटसारखाच वाळतो. कागद स्पंजच्या आकाराचा कापून दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात बुडवून ठेवला की कडा वर वळत नाहीत. पसरताना एका कडेने सुरुवात करून बोटाने हवा बाहेर काढत जायचं. खाली बुडबुडा राहिला, तर नेमका त्याच्यावरचा रंग वाळतो.

पाण्याच्या प्रमाणात बहुतेकांची चूक होते, आणि ती जवळजवळ नेहमी जास्तीच्याच बाजूने होते. स्पंज पूर्ण भिजलेला हवा, पण डबा तिरका केल्यावर कोपऱ्यात पाणी साचता कामा नये. साचलं तर ओतून टाकायचं. पाणी जास्त झालं की रंग आपोआप पसरत जातो, कडेला फिकट पाण्याची रेघ दिसते आणि मध्ये रंगद्रव्याचा गोळा उरतो. असा रंग मिनिएचरवर लावला की उंच भागावरून निसटून खाचांत जमा होतो. पाणी कमी पडलं तर कागदाच्या कडा आधी उचलल्या जातात. तेव्हा कागदावर नव्हे, स्पंजच्या कडेला थेंब-थेंब पाणी सोडायचं.

रात्रभर बंद राहिलेला रंग सकाळी नेहमीच जरा पातळ झालेला असतो. तो हलवून घ्यायचा आणि घट्टपणासाठी त्याच छटेचा थोडा ताजा रंग घालायचा. पुन्हा पाणी घालू नये. पाणी वाढत गेलं की रंगाला धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो, थर खडूसारखा बसतो आणि खेळताना हाताळून कडांवरून निघतो. फार पातळ थर हवा असेल, तर निम्मं पाणी आणि निम्मं मीडियम (बाइंडर न तोडता रंग पातळ करणारा रंगहीन द्रव), म्हणजे सिटाडेलचं लाहमियन मीडियम किंवा व्हॅलेहोचं ग्लेझ मीडियम, वापरणं जास्त भरवशाचं.

ही पॅलेट सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती लाल झग्यासाठी. सिटाडेल या ब्रँडच्या रंगांत कृती अशी: खोर्न रेडचे दोन पातळ हात, साय काढलेल्या दुधाइतके. सावलीसाठी ३ भाग खोर्न रेड आणि १ भाग इनक्युबी डार्कनेस. काळ्याने लाल मळकट होतो. हा निळसर हिरवा मात्र लालाचा भडकपणा कमी करून त्याला खोली देतो. मधल्या भागासाठी खोर्न रेड आणि मेफिस्टन रेड निम्मे-निम्मे, मग चुण्यांच्या माथ्याकडे नुसता मेफिस्टन रेड, आणि त्यावर एव्हिल सन्झ स्कार्लेट. शेवटच्या बारीक कडेसाठी एव्हिल सन्झ स्कार्लेटमध्ये थोडासा केडियन फ्लेशटोन. पांढरा इथे घालू नये, झगा गुलाबी दिसतो. हे सहाही ढीग पॅलेटवर गडदाकडून उजळाकडे अशा क्रमाने शेजारी-शेजारी ठेवावेत, म्हणजे दोन ढिगांच्या मधली छटा ब्रशच्या एका ओढीत मिळते.

दोन छटांमधली सीमा दिसत असेल तर ग्लेझ, म्हणजे अगदी पातळ पारदर्शक हात, द्यायचा: १ भाग रंग, ४ भाग पाणी-मीडियम. ब्रश भरल्यावर टिश्यूला टेकवणं चुकवू नये, नाहीतर डबकं साचून वाळल्यावर गोल डाग राहतो. ब्रश जिथे उचलतो तिथे सगळ्यात जास्त रंगद्रव्य बसतं. म्हणून सावलीचा ग्लेझ सावलीकडे ओढायचा आणि उजेडाचा उजेडाकडे. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. अर्धवट ओल्या थरावर ब्रश फिरला की खालचा रंग सोलून प्रायमर (रंगाआधी दिलेला अस्तराचा हात) उघडा पडतो.

चेहऱ्यासाठी बगमन्स ग्लो, खाचांत राइकलँड फ्लेशशेड, वर केडियन फ्लेशटोन आणि नाक-गालांवर किस्लेव्ह फ्लेश. हे ढीग अगदी लहान लागतात, त्यामुळे कोरड्या पॅलेटवर सर्वांत आधी हेच वाळायचे.

धातूचे रंग मात्र इथे ठेवू नयेत. त्यांतले चमकदार कण पाण्याबरोबर शेजारच्या रंगांत जातात आणि मग कातडी पट्ट्यावरही चकाकी दिसू लागते. त्यांच्यासाठी वेगळी कोरडी टाइल बरी. वॉश आणि कॉन्ट्रास्ट रंग (खाचांत उतरून आपोआप सावली देणारे) मुळातच पातळ असल्याने इथे नुसते पसरतात. ड्रायब्रशिंगलाही (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंच भागांवर रंग घासण्याला) ही पॅलेट निरुपयोगी, कारण तिथे ब्रश कोरडाच हवा.

राहता राहिली बुरशी. बंद डबा उबदार जागी आठवडाभर राहिला की कुबट वास येतो आणि स्पंजवर काळे ठिपके दिसतात. डिस्टिल्ड पाणी आणि फ्रिजमधली जागा यांनी बराच फरक पडतो, पण डबा गोठू देऊ नये, गोठलेला अ‍ॅक्रिलिक फुटतो. चार दिवस काम नसेल तर कागद टाकून द्यावा, स्पंज भांड्यांच्या साबणाने धुऊन पिळावा आणि झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवावा. ठिपके धुऊनही गेले नाहीत तर स्पंज बदलावा. कागद मात्र बुरशीची वाट न पाहता बदलायचा: ब्रशच्या टोकाने त्यावर लव उठू लागली की ते धागे रंगातून थेट मिनिएचरच्या चेहऱ्यावर जातात, आणि वाळल्यावर सुईने खरवडूनच काढावे लागतात.