इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल : मावा-तुडतुड्यांवर गुणकारी, पण कळी दिसेपर्यंतच

पुण्याच्या मार्केट यार्डातले दुकान असो की जुन्नर-पुरंदरकडच्या बाजारगावातले कृषी सेवा केंद्र, ‘रसशोषक किडीवर काहीतरी द्या’ म्हटले की काउंटरवर येणाऱ्या पहिल्या दोन-तीन बाटल्यांत इमिडाक्लोप्रिड असतेच. पेटंट संपून बराच काळ झाला, त्यामुळे अनेक कंपन्या ते बनवतात, भाव परवडतो आणि परिणाम डोळ्यांना दिसतो. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या बाटलीचे नाही, त्या औषधाचे आहे. किडीवर ते चालते का, आणि त्याच शिवारातल्या मधमाश्या, भुंगे, ढालकिडे यांचे काय होते, हे दोन्ही तपासून दिलेले मत असे : पिकाच्या सुरुवातीच्या वाढीत, कीड मोजून, एखाद्या वेळी वापरायला चांगले, कळी दिसल्यापासून शेवटचे फूल गळेपर्यंत उघड्या शेतात अजिबात नको.

आधी गुण. औषध आंतरप्रवाही आहे. पानावर पडले की आत शिरते, मुळाशी दिले तर पाण्याबरोबर शेंड्यापर्यंत चढते. पानाच्या मागे लपलेला मावा, तुडतुडे, पांढरी माशी रस शोषतात आणि विष पोटात घेतात, म्हणून प्रत्येक किडीवर थेंब पडायची गरज नसते. मात्राही थोडी लागते. १७.८ एसएल म्हणजे वजनाने १७.८ टक्के मूळ घटक असलेले, पाण्यात विरघळणारे द्रव औषध; त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे २०० ग्रॅम मूळ घटक असतो. भेंडी आणि सूर्यफुलासाठी लेबलवरची मात्रा हेक्टरी १०० मिली, टोमॅटोसाठी १५० ते १७५ मिली. म्हणजे भेंडीच्या एका एकराला जेमतेम ४० मिली. प्रत्यक्षात १५ लिटरच्या पंपाला १० मिली, कधी १५ मिली घालणारे भरपूर आहेत. त्याने कीड दुप्पट मरत नाही, फक्त झाडात उरणारे विष वाढते. आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते : संकरित बियाणे रंगीत लेप देऊन आलेले असेल, तर त्यावर बहुधा याच गटातले औषध असू शकते. पाकीट वाचा. बीजप्रक्रिया झालेली असेल तर पहिले तीन-चार आठवडे त्याच गटाची फवारणी म्हणजे पैसे वाया, आणि किडीला सवय लावणे वेगळेच. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड, डायनोटेफ्युरान हे सगळे एकाच ४-ए गटातले (कीड मारण्याच्या पद्धतीवरून ठरलेला गट) आहेत. बाटलीचे नाव बदलले म्हणून गट बदलत नाही.

आता दोष, आणि तो गुणाच्याच पोटात आहे. जे विष रसातून पानात जाते तेच मकरंदात आणि परागात उतरते. मधमाशीसाठी पोटातून होणारी मारक मात्रा, म्हणजे निम्म्या माश्या मरतील इतकी, वेगवेगळ्या चाचण्यांत सुमारे ४ ते ८० नॅनोग्रॅम निघाली आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. १५ लिटरच्या पंपात ५ मिली औषध घातले तर त्या द्रावणाच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, सुमारे ६७ नॅनोग्रॅम विष असते. पानाच्या कडेला साचलेले फवाऱ्याचे इवलेसे पाणी माशीने दोनदा चाटले की हिशोब संपला. उन्हाळ्यात माश्या पाण्यासाठी ठिबकच्या ओलीवर आणि पानांवरच्या थेंबांवर हमखास बसतात, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणूनच ‘संध्याकाळी फवारा म्हणजे माश्यांना त्रास नाही’ हा सल्ला या औषधापुरता अर्धवट आहे. संध्याकाळी फवारल्याने उडत्या माशीच्या अंगावर थेंब पडत नाहीत, तेवढा फायदा खरा. पण स्पिनोसॅडसारखे औषध वाळल्यावर दोन-तीन तासांत माश्यांसाठी बरेच निवळते, तसे इमिडाक्लोप्रिड निवळत नाही. ते रात्रीत झाडात शिरते आणि पुढचे अनेक दिवस उमलणाऱ्या फुलांतून बाहेर येत राहते. इथे घड्याळापेक्षा पिकाची अवस्था महत्त्वाची. अमेरिकेत भोपळ्यावर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले : रोप लावताना दिलेल्या कमी मात्रेचे अवशेष परागात आणि मकरंदात थोडे होते, फुलोऱ्याच्या वेळी ठिबकमधून किंवा फवारून दिल्यावर ते खूप वाढले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झामवर मर्यादा घातल्या आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्यांचा वापर बंद केला. कायमस्वरूपी बंदिस्त हरितगृहांची तेवढी सूट ठेवली. आपल्याकडे औषध विक्रीला आहे, त्यामुळे कधी वापरायचे याची जबाबदारी शेवटी पंप पाठीवर घेणाऱ्यावर येते.

पुणे जिल्ह्यात याचा सर्वांत जास्त फटका बसू शकतो तो कांदा बीजोत्पादनाला. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे आणि आसपास डेंगळ्यांचे (बियाण्यासाठी वाढवलेल्या कांद्याच्या फुलदांड्यांचे) प्लॉट असतात. कांद्याचा एक गोंडा, म्हणजे फुलांचा गुच्छ, जवळून पाहा. शेकडो बारीक पांढरी फुले, तीही एकदम न उमलता काही आठवडे टप्प्याटप्प्याने उमलणारी. प्रत्येक फुलात आधी पुंकेसर पराग सोडतात आणि ते सुकत आल्यावर स्त्रीकेसराचे टोक तयार होते. म्हणजे त्या फुलाला त्याचा स्वतःचा पराग वेळेवर मिळतच नाही, दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावा लागतो. हे काम सातेरी, फुलोरी, आग्या आणि मेलिफेरा या मधमाश्या करतात, शिवाय पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सिरफिड माश्याही करतात, ज्यांच्या अळ्या वर मावा खातात. नेमक्या याच वेळी फुलकिडे वाढतात आणि पंप बाहेर निघतो. फुलकिडे मरतात, गोंडे स्वच्छ दिसतात, आणि काढणीला बोंडे पोचट निघतात. दोष मग बियाण्याला किंवा हवामानाला दिला जातो. डेंगळ्यांत फुलकिड्यांचा बंदोबस्त पहिला गोंडा फुटण्याआधी व्हायला हवा. त्यानंतर इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल हे दुसरे कीटकनाशक, दोन्ही बाजूला ठेवा.

वेलवर्गीय पिकांतही तेच, फक्त नुकसान वेगळे दिसते. काकडीच्या मादी फुलाला माश्यांच्या पुरेशा फेऱ्या मिळाल्या नाहीत तर फळ एका टोकाला बारीक राहते किंवा वाकते, कलिंगड एका बाजूने चपटे होते. यात वेळेचे गणितही पिकागणिक बदलते. काकडी, कलिंगड, कारले यांची फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटू लागतात, त्यामुळे थोडा काळ टिकणारे औषध संध्याकाळी फवारणे योग्य. दोडका आणि दुधी भोपळ्याची फुले मात्र संध्याकाळीच उमलतात आणि त्यांच्यावर रात्री पतंग येतात. तिथे संध्याकाळची फवारणी म्हणजे नेमकी फुलाच्या तोंडावर फवारणी. चांदण्या रात्री आग्या माश्याही बाहेर पडतात, हे फार कमी जणांना माहीत असते. दोडका-दुधीत वापरायचेच असेल तर वेल मांडवावर चढण्याआधी, कळी नसताना.

टोमॅटो आणि वांग्याला मधमाशी लागत नाही, असा युक्तिवाद नारायणगावकडे कधी कधी ऐकू येतो. टोमॅटोचे बरेच परागीभवन फुलातल्या फुलात होते हे खरे. पण या दोन्ही पिकांचा पराग परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून झटकून काढावा लागतो, आणि ते काम पंखांचे स्नायू थरथरवणारे निळ्या पट्ट्यांचे भुंगे आणि मोठे काळे भुंगे करतात. निळ्या पट्ट्यांचे भुंगे जमिनीत बिळे करून राहतात. आळवणी करून औषध मातीत दिले की ते त्यांच्या घरातच जाते, आणि जमिनीनुसार काही आठवडे ते कित्येक महिने राहते. आळवणीला आमची सरळ नापसंती आहे.

बाटलीवरच्या त्रिकोणाबद्दल एक गैरसमज काढायलाच हवा. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग सस्तन प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून ठरतात; पोटातून गेल्यास प्रतिकिलो वजनाला ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. त्या रंगाचा मधमाशीशी काहीही संबंध नाही. स्पिनोसॅड माणसाला बरेच सौम्य आहे, पण ओले असताना माशीला अत्यंत मारक. दुकानात ‘सौम्य औषध द्या’ म्हणून त्रिकोण पाहून निवड करू नका. आतले माहितीपत्रक उघडा, अक्षरे बारीक असली तरी मधमाश्यांबद्दलची ओळ शोधा आणि तुमच्या पिकाचे नाव लेबलवर आहे का ते पाहा.

मित्रकीटकांचेही नुकसान होते. ढालकिडे आणि क्रायसोपा हे मावा खाणारे कीटक कमी झाले की मावा पुन्हा वेगाने वाढतो. शिवाय हे औषध पानांचा रस शोषणाऱ्या कोळ्यांना मारत नाही, त्यामुळे भेंडी-वांग्यात वारंवार फवारल्यावर लाल कोळी उसळतो आणि मग कोळीनाशकाचा नवा खर्च सुरू.

फुलोऱ्यात कीड आलीच तर काय? त्याच गटातले ॲसिटामिप्रिड एकटे वापरले तर मधमाशीसाठी इमिडाक्लोप्रिडपेक्षा शेकडो पटींनी कमी विषारी आहे. पण ‘एकटे’ हा शब्द पाळा. प्रयोगशाळेत प्रोपिकोनाझोल हे बुरशीनाशक सोबत असताना ॲसिटामिप्रिडची माश्यांवरची विषारीता शंभरपटीहून जास्त वाढलेली आढळली, कारण माशीच्या शरीरात विष मोडणारी यंत्रणाच ते बुरशीनाशक अडवते. एका टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक मिसळायची सवय इथे महागात पडते. सर्वांत सुरक्षित पर्याय ५ टक्के निंबोळी अर्काचा : ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवा, सकाळी अर्क दुहेरी फडक्यातून गाळून दोन्ही एकत्र करा आणि पाणी घालून १०० लिटर करा. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी ताकद राहत नाही. गाळण्यात आळस केला तर नोझल तुंबते, आणि अर्क चालत नाही असे म्हणणाऱ्यांची अर्धी तक्रार तिथलीच असते. मोठ्या प्रादुर्भावावर मात्र तो एकटा पुरत नाही. कीड कमी असतानाच सुरुवात करावी लागते. चिकट सापळे जरूर लावा, पण निळ्या आणि पिवळ्या रंगाकडे मधमाश्याही येतात. फुलोऱ्यात सापळ्यावर माश्या दिसू लागल्या तर सापळे काढा.

शेजारी मधपेट्या असतील तर फवारणीच्या आदल्या दिवशी पेटीवाल्याला सांगा. जास्त दिवस टिकणाऱ्या औषधासाठी पेट्या किमान तीन किलोमीटर दूर हलवणे हाच उपाय. दार बंद करून ठेवणे उन्हाळ्यात एका दिवसापलीकडे धोक्याचे, आतली वसाहत गुदमरते. या औषधाच्या विषबाधेत पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा ढीग दिसेलच असे नाही. माश्या थरथरतात, जमिनीवर रांगतात, वाट चुकून परतत नाहीत, आणि पेटी हळूहळू रिकामी होते. गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पेट्या ठेवणाऱ्याने किंवा भाड्याने घेणाऱ्याने तिथले प्रशिक्षण घ्यावे.

शहरातल्या गच्चीवरच्या बागेसाठी आमचे मत आणखी ठाम आहे : घेऊ नका. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी कुंडीत चार थेंब टाकले तरी इवल्याशा मातीत प्रमाण शेतापेक्षा कितीतरी जास्त होते. ते पाणी निथळून शेजारच्या तुळशीत गेले तर मंजिऱ्यांवर दिवसभर येणाऱ्या माश्या तेच पितात. पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला ५ ग्रॅम साबण, आणि जास्त लागण झालेली फांदी छाटणे एवढे पुरते.

रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि त्याच प्लॉटवर फवारा. पंप कालव्यात, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. हे औषध पाण्यात सहज विरघळते, आणि पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या त्याला मधमाशीइतक्याच नाजूक असतात.