समुपदेशन, आधारगट की शोकासाठीची खास थेरपी? जवळचं माणूस गेल्यावर निवड करताना

घरातलं माणूस गेलं की महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी म्हणतंच, 'एकदा थेरपिस्टकडे जाऊन ये.' सल्ला आपुलकीचा असतो, पण अर्धवट असतो. कुणाकडे, कशासाठी आणि आत्ताच का, हे त्यात येत नाही.

आधी हे सांगायला हवं की बहुतेक जण थेरपीशिवायही या दुःखातून वाट काढतात. सुरुवातीच्या महिन्यांत झोप उडणं, काम करता करता रडू कोसळणं, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, हे आजाराचं लक्षण नाही. चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत हे सांगतो आणि तेवढ्यानेही कित्येकांच्या मनावरचं ओझं हलकं होतं. मात्र 'आपणही जगू नये' असे विचार येत असतील, तर खालची कुठलीच तुलना करत बसू नका. त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना गाठा.

आता तिन्ही पर्याय एकाच गाठीवर तपासून पाहू. वियोगात फार जणांना छळणारं वाक्य असतं : 'त्या रात्री लगेच दवाखान्यात नेलं असतं तर...'

वैयक्तिक समुपदेशनात थेरपिस्ट 'तुमची काही चूक नाही' म्हणून विषय मिटवत नाही. ते वाक्य नातेवाइकांनी शंभरदा म्हटलेलं असतं आणि उपयोग झालेला नसतो. तो विचारतो : त्या वेळी नेमकं काय दिसत होतं? तुम्हाला काय माहीत होतं? आज जे कळलंय, त्यातलं त्या रात्री किती कळण्यासारखं होतं? हळूहळू तेव्हाचं ज्ञान आणि आत्ताचं ज्ञान वेगळं होतं. खरंच काही राहून गेलं असेल, तर ते मान्य करायलाही जागा मिळते. नातं गुंतागुंतीचं असेल, राग आणि प्रेम दोन्ही शिल्लक असतील, किंवा ज्या दुःखाला लोक दुःखच मानत नाहीत असं काही असेल (गर्भपात, घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू, जगापासून लपवलेलं नातं), तर मी डोळे झाकून हाच पर्याय सुचवेन.

इथे एक खूण सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेले होते. मागे राहिलेल्यांनी ते क्रमाने चढायचे असतात, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. 'तुम्ही अजून रागाच्या टप्प्यात अडकलात' असं थेरपिस्ट ठामपणे सांगू लागला, तर सावध व्हा. त्यापेक्षा १९९९ मध्ये श्ट्रोब आणि शुट या शोकाच्या अभ्यासकांनी मांडलेली कल्पना कामाची वाटते : माणूस कधी दुःखाला सामोरा जातो, कधी त्याकडे पाठ फिरवून बिलं भरतो, मुलांचा अभ्यास घेतो. हे हेलकावे म्हणजेच सावरणं. चांगला थेरपिस्ट दोन्हींना वाव देतो आणि एकाच बाजूला फार काळ खिळलेल्याला दुसरीकडे आणतो.

आधारगटात, म्हणजे जवळचं माणूस गमावलेले लोक एकत्र बसून बोलतात तिथे, तेच वाक्य उच्चारलं की समोरचा म्हणतो, 'मीही रोज हेच म्हणतो.' हा दिलासा थेरपिस्ट देऊ शकत नाही. आत्महत्येमुळे माणूस गमावलेले किंवा मूल गमावलेले आईवडील यांना तो फार मोलाचा वाटतो, कारण इतरत्र लोक विषय बदलतात. पण गटात तुमची गाठ सुटेलच असं नाही, आणि घाव ताजा असताना दुसऱ्यांच्या मरणाचे तपशील सोसवत नाहीत. गट कोण चालवतं, वियोग एकाच प्रकारचे आहेत का, दर वेळी नवे लोक येतात का, हे आधी विचारून घ्या.

तिसरा पर्याय, म्हणजे शोकासाठीची खास थेरपी, सगळ्यांसाठी नाही. दीर्घकाळ, जवळजवळ रोज, तीव्र ओढ किंवा त्याच माणसाचे विचार आणि त्यामुळे आयुष्य ठप्प झालेलं, याला 'प्रदीर्घ शोकविकार' हे निदान आता मिळालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची मुदत आहे, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी १२ महिन्यांची.

यासाठी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शियर यांनी साधारण १६ सेशनची थेरपी आखली. त्यात 'त्या रात्री'चा प्रसंग टाळला जात नाही. डोळे मिटून, आत्ता घडतोय असा तो सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग करायचं आणि घरी रोज ऐकायचं. ऐकून झालं की ते बाजूला ठेवून मनाला बरं वाटेल असं काही करायचं, हाही गृहपाठाचाच भाग. पुढे गेलेल्या माणसाशी कल्पनेत बोलणं होतं, दोन्ही बाजूंनी आपणच बोलायचं. टाळलेल्या जागी जाणं आणि स्वतःसाठी नवं काही ठरवणं, हेही सोबत चालू असतं. ऐकायला कठोर वाटतं, पण २००५ च्या चाचणीत या पद्धतीने ५१ टक्के जणांना स्पष्ट फरक पडला, तर आंतरव्यक्तिक मानसोपचाराने (नातेसंबंधांवर भर देणारी, नैराश्यासाठी वापरली जाणारी थेरपी) २८ टक्के जणांना. म्हणून वर्ष उलटूनही आयुष्य त्याच दिवसावर थांबलं असेल, तर नुसत्या मन मोकळं करण्याच्या सेशनवर आणखी वर्ष घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात : शियर यांच्याच २०१६ च्या चाचणीत सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाने शोक कमी झाला नाही, मात्र थेरपीच्या जोडीने नैराश्याची लक्षणं कमी झाली. तेव्हा नैराश्यही असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्याच.

पहिल्या भेटीत थेरपिस्टला विचारा : शोकाचं काम तुम्ही कसं करता? याचं खास प्रशिक्षण घेतलंय का? माझ्यात काय बदललं म्हणजे उपयोग होतोय असं मानायचं? 'वेळ सगळं बरं करतो' एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरा थेरपिस्ट शोधायला संकोच करू नका.